ट्रकला रिव्हर्स कॅमेरा जोडताना: नव्या हातांसाठी

मस्जिद बंदरच्या गल्लीत किंवा भिवंडीच्या गोदामात सहा टायरी गाडी मागे घ्यायची म्हणजे ड्रायव्हरचा अर्धा जीव क्लीनरच्या आवाजात असतो. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" तो 'बास' हॉर्नच्या गोंगाटात हरवला की मागच्या हातगाडीवाल्याशी भांडण ठरलेलं. कॅमेरा आला म्हणून क्लीनरची सुट्टी होत नाही. पण बंपरच्या लगत मागचे दोन-तीन मीटर कुठल्याच आरशात येत नाहीत आणि तिथे क्लीनरने उभं राहणंही धोक्याचं असतं. कॅमेरा नेमकी तीच जागा दाखवतो.

बसवायचं काम फार मोठं नाही. एक कॅमेरा, एक मॉनिटर, मधली लांब केबल आणि तीन-चार वायरी. चित्र पहिल्याच दिवशी दिसतं, जुलैत दिसतं का ते बघायचं. 'कॅमेरा उडाला' म्हणून जे आणून देतात, त्यात खरोखर उडालेले थोडे. बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत, मॉनिटर ठणठणीत, आणि मधला एखादा जॉइंट आतून हिरवा पडलेला. म्हणून इथे कॅमेऱ्यापेक्षा वायरीबद्दल जास्त लिहिलंय.

गाडी १२ ची की २४ ची

हे आधी बघा, कारण इथे गडबड झाली तर पुढची पायरी म्हणजे धूर. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप अशा गाड्यांत एक बॅटरी आणि १२ व्होल्ट. दहा टायरी, बारा टायरी, ट्रेलरचा घोडा यांत १२ च्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या, म्हणजे २४ व्होल्ट. मधल्या सहा टायरी गाड्यांत दोन्ही प्रकार भेटतात, त्यामुळे कंपनीच्या नावावर किंवा गाडीच्या आकारावर जाऊ नका. मल्टिमीटर डीसीवर ठेवा, लाल टोक स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड केबलच्या टर्मिनलला आणि काळं टोक चॅसीच्या उघड्या लोखंडाला लावा. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आकडा आला तर १२ ची गाडी, पंचवीसच्या आसपास आला तर २४ ची.

आता इंजिन चालू करून परत बघा. अल्टरनेटर चालू झाल्यावर तेच आकडे साधारण १४ आणि २८ वर जातात. म्हणजे २४ च्या गाडीतल्या मॉनिटरला रोज २८ व्होल्ट सोसायचे असतात. खोक्यावर '१० ते ३२ व्होल्ट' किंवा '९ ते ३६ व्होल्ट' असं लिहिलेला माल घ्या. नुसतं '१२ व्होल्ट' लिहिलेला कॅमेरा २४ च्या रिव्हर्स लाइटवर जोडला तर तो एकदाच चित्र दाखवतो, कधी तेवढंही नाही.

यावर एक जुगाड सर्रास चालतो: दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढायचे. टेप चालतो, चार्जर चालतो, मग कॅमेराही चालेल असा हिशोब. चालतो खरा. पण त्यात खालची, म्हणजे अर्थकडची, एकटी बॅटरी जास्त खर्च होते आणि अल्टरनेटर मात्र दोघींना एकत्रच भरतो. खालची कायम अर्धपोटी राहते, वरची जास्त भरून उकळते, आणि दोन्ही लवकर जातात. १२ चाच माल बसवायचा असेल तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. तो दोन बॅटऱ्यांपेक्षा खूप स्वस्त पडतो.

किट घेताना

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि लॅमिंग्टन रोडवर डोळे फिरतील एवढा माल आहे. कारचा छोटा कॅमेरा आणि पिवळ्या पिनची आरसीए केबल छोट्या हत्तीला पुरते. मोठ्या ट्रकला ती घेऊ नका. आरसीए पिन नुसती दाबून बसते, ट्रकच्या हादऱ्याने महिन्याभरात ढिली होते. ट्रकला चार पिनांचा, वरून चाकी फिरवून आवळायचा गोल कपलर असलेली केबल घ्या. त्याच एका केबलमधून कॅमेऱ्याला करंट जातो आणि चित्र परत येतं, शिवाय रबरी वॉशरमुळे पाणीही अडतं.

दुसरं, कॅमेरा आणि मॉनिटर एकाच जातीचे हवेत. जुन्या पद्धतीचा साधा म्हणजे सीव्हीबीएस, आणि जास्त स्वच्छ चित्र देणारा एएचडी. एएचडी कॅमेरा साध्या मॉनिटरला लावला तर निळा पडदा किंवा फाटकं चित्र येतं आणि माणूस उगाच वायरी तपासत बसतो.

पाण्याचं बघताना 'वॉटरप्रूफ' या शब्दाला किंमत देऊ नका, आकडा विचारा. आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल. हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलला तुंबलेल्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीला एवढं तरी हवंच. गाडी दर आठवड्याला वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुतली जात असेल तर आयपी६९के शोधा. तो आकडा प्रेशरच्या गरम पाण्यासाठीच आहे.

केबलची लांबी टेपने मोजा, अंदाजाने नाही. डॅशबोर्डवरून खाली, केबिनच्या मागे, पूर्ण चॅसी, मग कॅमेऱ्यापर्यंत वर. वीस फुटी हौद्याला साधारण १५ मीटर लागते, बत्तीस फुटी कंटेनरला २० मीटरची घ्या. मध्ये जॉइंट मारून केबल वाढवायची नाही.

वायरलेस किट घेऊ का, असं प्रत्येक नवा मालक विचारतो. माझं मत: नको. मागे कॅमेऱ्याला करंट द्यायला वायर लागतेच, वाचते ती फक्त मधली केबल. आणि लोखंडी कंटेनरच्या आडून येणारं चित्र नेमकं गल्लीत अडकतं. रिव्हर्समध्ये एक सेकंद उशिरा आलेलं चित्र नसलेलं बरं.

आधी जमिनीवर जोडा

सगळं खोक्यातून काढून गाडीशेजारी पसरा आणि बॅटरीवर फ्यूज लावून चालवून बघा. चित्र येतंय का, कॅमेऱ्यावरच्या बारीक लाइट सेन्सरवर अंगठा ठेवला की रात्रीचे एलईडी लागतात का, आणि चित्र आरशासारखं उलटं आहे का. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र उलटंच हवं, म्हणजे ड्रायव्हर साइड पडद्यावरही ड्रायव्हर साइडलाच दिसते. सरळ असेल तर मॉनिटरच्या मेनूत बदला. कारच्या छोट्या कॅमेऱ्यांना मागे वायरीचे दोन बारीक फास असतात. त्यातला एक कापला की चित्र पलटतं, दुसरा कापला की रेषा जातात. कुठला कुठला ते कागदावर वाचूनच कापा, रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे.

कॅमेऱ्याची जागा

बंद कंटेनरला वर, दाराच्या चौकटीच्या मधोमध. उंचावरून जमीन चांगली दिसते आणि चिखल कमी उडतो. भोक मात्र छताला पाडू नका, उभ्या पत्र्याला पाडा. छताचं भोक सिलिकॉन भरलं तरी एक ना एक दिवस गळतं आणि भिजलेला माल तुमच्या नावावर येतो.

फाळक्याच्या उघड्या गाडीला कॅमेरा फाळक्यावर लावायचा नाही, तो दिवसातून दहा वेळा आपटतो. खाली मागच्या आडव्या पट्टीवर, नंबर प्लेटच्या वर, मधोमध जागा मिळते. स्क्रू आवळण्याआधी फाळका पूर्ण खाली सोडून बघा. लटकलेला फाळका कॅमेरा झाकत असेल किंवा त्यावर बसत असेल तर जागा बदला. धक्क्याला गाडी लावताना फाळका बऱ्याचदा आधीच उघडलेला असतो. डंपरला कॅमेरा चॅसीच्या मागच्या टोकाला. हौद्यावर लावला तर प्रत्येक वेळी हौदा उचलताना केबल ताणली जाते.

चॅसीच्या लांब पट्ट्यांना नवीन भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग तर नाहीच. कंपनीने दिलेली मोकळी भोकं भरपूर असतात, त्यांत नटबोल्टने ब्रॅकेट बसवा.

कोन असा ठेवा की चित्राच्या खालच्या कडेला आपल्याच बंपरची बोटभर पट्टी दिसत राहील. ती दिसली की ड्रायव्हरला अंतर मोजायला सुरुवातीची खूण मिळते. आकाश अर्ध्याहून जास्त दिसत असेल तर कॅमेरा खाली झुकवा. आणि ड्रायव्हरला एक गोष्ट सांगून ठेवा: वर लटकणारी केबल, शटरची पेटी, पहिल्या मजल्याची गॅलरी यातलं काही या चित्रात येत नाही. त्यासाठी क्लीनर खाली उतरायलाच हवा.

केबल ओढणं

हात लावण्याआधी बॅटरी सोडा. आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना निगेटिव्ह शेवटी. युरियाची, म्हणजे ॲडब्लूची टाकी असलेल्या बीएस-६ गाडीत चावी बंद केल्यावर दोन-चार मिनिटं थांबून मग कट-ऑफ स्विच, म्हणजे बॅटरी तोडणारा मुख्य स्विच, बंद करा. त्या वेळात पंप नळ्यांतलं ॲडब्लू परत टाकीत ओढत असतो. तो मध्येच तोडला तर ते नळीत राहून साखळतं आणि मग वेगळाच खर्च निघतो.

केबल चॅसीच्या आतल्या बाजूने न्या, कंपनीचं वायरिंग ज्या वाटेने गेलंय त्याच वाटेने. कंपनीने ती वाट विचार करून निवडलेली असते: उष्णतेपासून लांब, फिरणाऱ्या भागांपासून लांब. सायलेन्सरपासून किमान हातभर अंतर ठेवा, बीएस-६ गाडीत सायलेन्सरच्या जागी असलेला मोठा डबा जास्तच तापतो. प्रॉपेलर शाफ्टच्या वरून केबल झोळीसारखी लोंबली नाही पाहिजे. ब्रेकच्या हवेच्या पाइपला टाय मारून केबल बांधायची सवय असेल तर सोडा. हादऱ्याने टाय पाइपला घासत राहतो, आणि हवा गळायला लागली तर प्रश्न कॅमेऱ्याचा राहत नाही.

केबल उघडी ओढू नका. काळ्या फ्लेक्सिबल पाइपमध्ये घाला, दर वीतभरावर टाय, आणि जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. ओढण्याआधी कपलरच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. चॅसीवरचं ग्रीस आणि माती एकदा चार पिनांच्या भोकांत गेली की पेट्रोलने धुऊनही नीट निघत नाही.

केबिन उलटणारी असेल तर सगळ्यात नाजूक जागा केबिनच्या बिजागरीपाशी आहे. केबल तिथूनच, कंपनीच्या वायरिंगला चिकटून आत न्या आणि सैल वळण ठेवा. मग टाय घट्ट करण्याआधी केबिन पूर्ण उलटून बघा. केबल ताणली जातेय का, परत बसताना केबिनखाली चिमटली जातेय का? ही एक तपासणी केली नाही तर पहिल्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाला केबिन उलटतो आणि केबल तोडून मोकळा होतो. त्याला बिचाऱ्याला कळतही नाही.

उरलेली केबल घट्ट वेटोळं करून कोंबू नका. लांबट घडी घालून हौद्याखाली किंवा सीटमागे दोन टायने बांधा, अल्टरनेटर आणि स्टार्टरच्या जाड केबलपासून लांब.

रिव्हर्सचा करंट शोधणं

मॉनिटरला तीन वायरी असतात: पॉझिटिव्ह, अर्थ आणि ट्रिगर. ट्रिगरला करंट मिळाला की मॉनिटर आपोआप मागचं चित्र दाखवतो. तो करंट रिव्हर्स लाइटचा घ्यायचा. गिअरबॉक्सवर एक स्विच असतो, रिव्हर्स पडला की तो जोडला जातो आणि मागचा पांढरा दिवा लागतो. त्या स्विचच्या एका वायरीला चावी लावली की कायम करंट, दुसरीला फक्त रिव्हर्समध्ये. आपल्याला दुसरी हवी.

आता यासाठी बॅटरी परत जोडावी लागेल. चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. मागचा टेल लॅम्प उघडा. "मामा, नुसती चावी ऑन करा, स्टार्ट नको. रिव्हर्स टाका." आत पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स आणि अर्थ अशा वायरी दिसतील. रंगावर विश्वास ठेवू नका. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातातली असेल तर आधीच्या मिस्त्रीने हाताला लागेल ती वायर जोडलेली असते. रिव्हर्समध्ये करंट येतो आणि न्यूट्रलमध्ये जातो, ती आपली वायर. ब्रेक दाबून, इंडिकेटर देऊनही बघा, त्यावर तिथे काही यायला नको.

इथे मल्टिमीटर फसवतो. मीटर ठसठशीत २४ दाखवतो, वायर जोडली की मॉनिटर मात्र ढिम्म. कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. कपलर आतून गंजला असेल, वायरीची एखादीच तार जिवंत राहिली असेल, तरी मीटरला तेवढं पुरतं. म्हणून जुन्या मिस्त्रीच्या खिशातला टेस्ट लॅम्प काढा. बल्ब खरोखर करंट ओढतो. गाडीच्या व्होल्टचा बल्ब लखलखीत पेटला तर लाइन चांगली. मिणमिणला, तर आधी तो कपलर साफ करा, मग कॅमेऱ्याचं बघू. फक्त हा टेस्ट लॅम्प दिव्यांच्या वायरीपुरताच वापरा. ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) किंवा सेन्सरच्या वायरीला बल्ब लावला तर महागात पडेल.

नव्या गाड्यांत दिव्यांचा करंट साध्या स्विचवरून न येता कंट्रोल युनिटमधून येतो, आणि बल्ब शाबूत आहे का हे ते युनिट तपासत असतं. तिथे थेट जोड मारला तर चित्र लुकलुकतं किंवा डॅशबोर्डवर दिव्याची चूक दाखवली जाते. अशा वेळी मध्ये छोटा रिले, म्हणजे थोड्या करंटने चालणारा स्विच, टाका, गाडीच्या व्होल्टचाच. पाठीवर नंबर असतात: ८६ ला रिव्हर्सची वायर, ८५ ला अर्थ, ३० ला फ्यूजमधून आलेला करंट, ८७ वरून मॉनिटरचा ट्रिगर. रिलेच्या कॉइलचा करंटही ज्या युनिटला खपत नाही, त्या गाडीवर कंपनीच्या माणसाला विचारल्याशिवाय हात टाकू नका.

ट्रिगर मागून पुढे आणायला वेगळी वायर त्याच फ्लेक्सिबल पाइपमधून ओढा. केबिनच्या मुख्य कपलरवर रिव्हर्सची वायर सापडली तर तिथूनच घ्या, एवढी ओढाताण वाचते. आरसीए केबलच्या दोन्ही टोकांना बाहेर आलेली बारीक लाल तार दिसते, ती याच कामासाठी दिलेली असते. अनेक जण ती निरुपयोगी समजून कापतात.

मॉनिटर, फ्यूज आणि अर्थ

मॉनिटरची पॉझिटिव्ह चावीनंतरच्या करंटवर घ्या, थेट बॅटरीवर नको. अर्धा अँपिअर खाणारा मॉनिटर चालू राहिला तर चोवीस तासांत बारा अँपिअर-अवर जातात. गाडी कळंबोलीला शनिवार-रविवार माल मिळायची वाट बघत उभी राहिली की सोमवारी धक्का.

पॉझिटिव्हला दोन किंवा तीन अँपिअरचा फ्यूज, आणि तो जिथून करंट घेतला तिथपासून वीतभराच्या आत. फ्यूज मॉनिटरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो मॉनिटरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावरच. दहाचा हाताशी आहे म्हणून दहाचा लावणं किंवा सिगरेटच्या चांदीने गुंडाळणं म्हणजे केबिनमध्ये आगपेटी ठेवणं.

वायर किती जाड? एवढ्याशा करंटला ०.७५ चौरस मिलिमीटरची वायरही भरपूर होते. दहा मीटर जाऊन परत यायचं धरलं, कॅमेरा दोनशे मिलिअँपिअर घेतोय असं मानलं, तरी वाटेत व्होल्टचा दहावा हिस्साच जातो. जाडी हवी ती हादरे सोसायला, म्हणून मी एक चौरस मिलिमीटरची वापरतो.

अर्थ ही सगळ्यात दुर्लक्षित वायर. "बॉडीला कुठेही लाव" असं म्हणतात. पण बॉडी रंगवलेली असते, कंटेनरचा पत्रा कधी रबरावर बसलेला असतो, डॅशबोर्डचा स्क्रू प्लॅस्टिकमध्ये घुसलेला असतो. कंपनीने दिलेला अर्थ पॉइंट शोधा. नसेल तर रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, वायरीच्या टोकाला गोल लग (भोकाची धातूची टोपी) पकडीने दाबून बसवा, दातेरी वॉशर टाकून नट आवळा, वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग. शिवडी, न्हावा शेवाच्या खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड फार दिवस उघडं राहत नाही. कॅमेऱ्याला करंट चार पिनी केबलमधूनच जात असेल तर मागे वेगळी अर्थ देऊ नका. दोन ठिकाणच्या अर्थमुळे चित्रावर पट्ट्या धावतात.

मॉनिटर लावताना समोरची काच आणि क्लीनर साइडचा आरसा झाकला जाणार नाही एवढं बघा. काचेला चिकटणारा रबरी कप उन्हाने सुटतो, डॅशबोर्डला स्क्रूने बसवा.

जॉइंट

जॉइंट शक्यतो केबिनच्या आत मारा. बाहेर मारायचाच झाला तर एखादाच, आणि तो वेळ घेऊन. निळी दाबायची क्लिप मुंबईत बाहेर वापरू नका. ती वायरीचं कातडं कापून आत पट्टी घुसवते आणि त्याच चिरेतून पाणी शिरतं. वर्षभराने क्लिप उघडा, आत तांब्याची हिरवी भुकटी.

पद्धत अशी. वायर बोटाच्या पेराएवढी सोला, तारा तुटू देऊ नका. गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह आधीच एका वायरीत घाला (ही आठवण नंतर येते, सगळ्यांनाच). दोन्ही टोकं तांब्याच्या नळीत समोरासमोर घालून क्रिंपिंग पकडीने दाबा, साध्या पकडीने चेपलेली नळी नंतर सुटते. ओढून बघा. मग स्लीव्ह वर आणून हॉट एअर गनने तापवा, दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आला की झालं. लायटरनेही होतं, पण काळवंडतं आणि एका बाजूने कच्चं राहतं. सोल्डर घरातल्या रेडिओला उत्तम. ट्रकमध्ये सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. नुसती इन्सुलेशन टेप तर सीटखालच्या उन्हाळ्यातच पघळते.

जॉइंटच्या दोन्ही बाजूंना टाय मारा, म्हणजे वजन जॉइंटवर येत नाही. आणि बाहेरून आत येणारी प्रत्येक वायर आधी थोडी खाली उतरवून मग भोकात चढवा. पाणी वायरीवरून ओघळत येतं, ते त्या खालच्या वळणावर टपकून जातं, आत येत नाही. चार पिनांच्या कपलरवर बाण असतो, बाणाला बाण जुळवून बसवा, चाकी हाताने पूर्ण आवळा. न जुळवता दाबला की पिन वाकते.

रेषा आणि चाचणी

गाडी सपाट जागेवर घ्या. बंपरपासून खडूने एक, दोन, तीन मीटरवर आडव्या रेघा मारा, दोन्ही कडांना विटा ठेवा. मॉनिटरवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा कंपनीने अंदाजाने दिलेल्या असतात, तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीसाठी नाही. मेनूत हलवता आल्या तर खडूशी जुळवा. नाही आल्या तर लाल रेषा खरी किती अंतरावर पडते ते ड्रायव्हरला खाली उतरवून दाखवा. रुंद कोनाच्या कॅमेऱ्यात वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. पहिले काही दिवस लाल रेषेच्या आधीच थांबायला सांगा. मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, ब्रेक दाबून एकदा परत बघा, आणि पाण्याची नळी कॅमेऱ्यावर व कपलरवर पाच मिनिटं सोडा.

चित्र आलं नाही तर

पडदा पूर्ण काळा: फ्यूज, मग पॉझिटिव्ह, मग अर्थ, याच क्रमाने. निळा पडदा किंवा 'नो सिग्नल': मॉनिटर जिवंत आहे, कॅमेऱ्यापर्यंत करंट पोचतोय का बघा, कपलर आवळा, सीव्हीबीएस-एएचडीचं सेटिंग तपासा. रिव्हर्स टाकूनही आपोआप येत नाही, पण बटण दाबलं की येतं: ट्रिगरची वायर. इंजिन बंद असताना स्वच्छ आणि चालू केल्यावर पट्ट्या: केबल अल्टरनेटरच्या जाड वायरीजवळून गेलीय किंवा अर्थ दोन ठिकाणी आहे. खड्ड्यात चित्र जातं-येतं: कुठेतरी कपलर ढिला. एका माणसाने मॉनिटर बघायचा, दुसऱ्याने मागून पुढे केबल हलवत यायचं, जागा सापडते. चित्र धुरकट, विशेषतः सकाळी: काचेच्या आत दमट हवा शिरलीय. तो कॅमेरा उघडून सुकवत बसू नका, बदला.

काचेला रोज सकाळी ओलं फडकं मारायचं काम क्लीनरला लावून द्या. एका कागदावर कुठली वायर कुठून घेतली, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे आहे, रिले टाकलाय का, एवढं लिहून तो कागद पारदर्शक टेपने फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढचा मिस्त्री तुमची वायर कापून नवीन ओढणार नाही.